रोषणाईचा फोटो कसा साधला

रोषणाई ही माणसाची फार जुनी हौस. त्रिपुरी पौर्णिमेला देवळापुढची दीपमाळ उजळते, दिवाळीत उंबऱ्यावर पणत्या लागतात, नाताळात गोव्यातल्या घरांपुढे चांदणीचे कंदील झुलतात. पण जुन्या छायाचित्रांत दीपमाळ शोधायला गेलात, तर बहुधा ती दिवसाउजेडी उभी असलेली, न पेटवलेली दिसेल. फोटोची विद्या निघाल्यावरही रात्रीचे दिवे तिच्या हाती नीटसे लागायला पन्नासएक वर्षे गेली. ती का गेली आणि मग हे कसे साधले, एवढंच आज सांगायचं आहे.

फ्रान्समध्ये निएप्स नावाच्या गृहस्थाने १८२६-२७च्या सुमारास आपल्या खिडकीबाहेरचा देखावा धातूच्या पत्र्यावर उतरवला. त्यासाठी भर उन्हात निदान आठ तास तरी कॅमेरा उघडा ठेवावा लागला. जिथे सूर्याची ही गत, तिथे पणतीची काय कथा! पुढे १८५१मध्ये इंग्लंडात आर्चर याने ओल्या काचेची रीत काढली. काम पुष्कळ लवकर होऊ लागले. मुंबईतही १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली, डॉ. भाऊ दाजी यांच्यासारखी माणसे तिच्यात होती. पण या रीतीत एक अडचण होती. काचेवरचा लेप वाळायच्या आत सगळे काम उरकावे लागे. दिव्याच्या मंद उजेडाला हवा पुष्कळ वेळ, आणि काच तर दहा-पंधरा मिनिटांत वाळणार!

ही गाठ सोडवली कोरड्या काचेने. १८७१मध्ये मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनचा लेप सुचवला. अशा तयार काचा बाजारात मिळू लागल्या आणि छायाचित्रकाराला घाई उरली नाही. योगायोग असा की, याच सुमारास विजेचा दिवाही आला. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरच्या नाताळच्या झाडावर तांबडे, पांढरे आणि निळे असे ८० दिवे लावले. सणाच्या विजेच्या माळांची सुरुवात ती.

लंडनमध्ये पॉल मार्टिन हा मूळचा लाकडावर चित्रे कोरणारा कारागीर. १८९५-९६च्या हिवाळ्यात त्याने गॅसच्या दिव्यांनी उजळलेले रस्ते टिपले. अशा कामाची युक्ती साधी असे. कॅमेरा तिवईवर पक्का बसवायचा, भिंगावरचे झाकण काढायचे आणि मिनिटे मोजत उभे राहायचे. समोरून दिवे लावलेली घोडागाडी आली, की झाकण पुन्हा घालायचे. नाही तर तिच्या दिव्यांची लांबच लांब रेघ चित्रावर उमटते. चालत्या माणसांची मात्र चिंता नसे. ती इतका वेळ एका जागी थांबत नाहीत, म्हणून चित्रात येतच नाहीत.

आणखी एक खोड होती. दिव्याचा प्रखर किरण लेपातून आरपार जाई, काचेच्या मागच्या अंगावर आपटून परत येई आणि दिव्याभोवती धुरकट कडे पडे. त्यावर उपाय म्हणून काचेच्या पाठीला काळसर रंग फासू लागले. रोग मोठा, औषध घरगुती!

१९०१ साली अमेरिकेत बफेलो येथे मोठे प्रदर्शन भरले. नायगारा धबधब्याच्या विजेवर तिथल्या इमारती हजारो छोट्या दिव्यांनी उजळत. त्या रोषणाईचा चलत्‌चित्रपटही एडविन पोर्टर याने एडिसनच्या कंपनीसाठी घेतला. एकेक चित्र निराळे, बराच वेळ उघडे ठेवून घ्यावे लागले. पडद्यावर क्षणात सरणाऱ्या देखाव्यामागे अशी चिकाटी होती.

पुढे ब्रासाई याने पॅरिसच्या रात्रींचे पुस्तक केले; ते १९३३चे मानतात. तो वेळ मोजायचा सिगारेटवर: उजेड बरा असेल तर लहान सिगारेट, काळोख दाट असेल तर जाड. दिवा थेट भिंगासमोर येऊ नये म्हणून तो झाडाच्या खोडाआड धरायचा. धुके आणि पाऊस यांना तो मित्र मानायचा, कारण त्यांनी उजेड मऊ होतो. १९४९मध्ये जॉन मिली या छायाचित्रकाराने काळोख्या खोलीत पिकासोच्या हाती छोटा विजेचा दिवा दिला. चित्रकाराने हवेतच रेघा ओढल्या आणि उघड्या कॅमेऱ्याने त्या धरून ठेवल्या. घोडागाडीच्या दिव्याची जी रेघ मार्टिनच्या काळी दोष होती, तीच इथे कला ठरली!

आज मोबाईल आतल्या आत अनेक चित्रे एकत्र करून हेच काम चटकन करतो. तरी जुने नियम सुटलेले नाहीत. फ्लॅश मारू नका. त्याच्या झोतात पणती विझल्यासारखी दिसते. मोबाईल हातात न धरता ओट्यावर किंवा विटेवर टेकवा. फोटो घ्यायची उत्तम वेळ म्हणजे दिवेलागण. आभाळात थोडी निळाई असते, घराची कड दिसते आणि दिवाही शोभतो. शिक्षकबंधूंनी मुलांकडून एक प्रयोग जरूर करून घ्यावा. कॅमेरा दहा सेकंद उघडा ठेवावा आणि जरा लांब उभ्या असलेल्या मुलाने फुलबाजीने हवेत ‘अ’ काढावा. फोटोत तो उलटा का दिसतो, हेही मुलांनाच शोधू द्यावे.

या साऱ्या इतिहासातून दोन गोष्टी ध्यानात येतात. लहान दिवा दुबळा नसतो. त्याला वेळ दिला की तोही पुरता उमटतो. आणि दिव्याला काळोख लागतो. यंदा आपल्या गावची दीपमाळ पेटेल, तेव्हा भोवतालचे मोठे झोतदिवे घटकाभर बंद ठेवा आणि तिचा एक फोटो घेऊन शाळेत जपून ठेवा. मागच्या पिढ्यांची उजळलेली दीपमाळ आपल्याला पाहायला मिळत नाही. पुढच्यांना आपली तरी दिसू द्या.