दास कुणाचा?

ख्रिस्ती श्रद्धेवर सुशिक्षित मराठी माणूस जे आक्षेप घेतो, त्यांतला एक तरी तात्त्विक असतो. जो स्वतःला देवाच्या मालकीचा म्हणवतो त्याचा कणा आधीच मोडलेला. त्याच्या हातून होते ती सेवा नव्हे, गुलामाची सवय, असा तो आक्षेप. त्याच्या पाठीशी नीत्शे उभा असतो. दुबळ्यांनी आपल्या मनातल्या डंखालाच नम्रता आणि क्षमा अशी गोंडस नावे दिली, हे त्याने १८८७ साली मांडले. (नवविधा भक्तीतले दास्य मात्र याच मंडळींना उदात्त वाटते. पण ते असो. प्रतिपक्षाची विसंगती दाखवून आपला पक्ष सिद्ध होत नाही.)

याला उत्तर म्हणून प्रवचनकार बहुधा निर्गमाचा एकविसावा अध्याय काढतात. सहा वर्षे राबून सातव्या वर्षी मोकळा होणारा दास धन्यावरच्या प्रेमापोटी जायचे नाकारतो, आणि धनी त्याला चौकटीशी उभे करून आरीने त्याचा कान टोचतो. स्वखुशीच्या सेवेचा हा नमुना म्हणे! त्याच उताऱ्यात थोडे वर वाचावे. धन्याने करून दिलेली बायको आणि तिची मुले धन्याचीच राहतात, दासाने जायचे तर एकट्याने. बायकापोरे अडकवून मिळवलेल्या होकाराला स्वेच्छा म्हणता येत नाही. हा दाखला आक्षेपकाच्याच उपयोगाचा आहे आणि तो त्याला देऊन टाकावा.

खरा आधार पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. तुम्हांला मोल देऊन घेतले आहे, हे सांगून सातव्या अध्यायात तो लगेच काय बजावतो? की म्हणून माणसांचे दास होऊ नका. देवाची मालकी सांगितली आहे ती इतर सगळे मालकी हक्क रद्द करण्यासाठी. नवव्या अध्यायात तो स्वतःला सर्वांचा दास म्हणवतो, पण त्याआधी आपण कुणाचेही बांधील नाही हे नोंदवून ठेवतो. करिंथकरांकडून निर्वाह घेण्याचा हक्क असूनही त्याने तो घेतला नाही. तिथे तो तंबू करून पोट भरत होता. लाचाराला हक्क सोडता येत नाही, कारण त्याच्यापाशी हक्कच नसतो.

यावर उत्तर येईल की गुलामांच्या मालकांनी हेच शास्त्र चाबकासारखे वापरले. वापरले, यात शंका नाही. इफिसकरांस पत्रातले दासांना आज्ञापालन सांगणारे वचन त्यांना पाठ होते. पण १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलचे निवडक भाग छापले गेले, तेव्हा इस्राएलांच्या मिसरातून झालेल्या सुटकेची हकिगत त्यातून वगळावी लागली. ग्रंथ मुळातच गुलामगिरी शिकवणारा असता, तर कात्री कशाला लागली असती?

आपल्याकडचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेली ही बाई १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेते, आणि दोनच वर्षांत तिथल्या वडीलधाऱ्यांशी भांडते. चेल्टनहॅमला तिने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असा आक्षेप हिंदुस्थानातल्या बिशपांनी घेतला होता. वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी अडवले नाही, मग तुम्ही कोण, असा तिचा सवाल होता. एका पुरोहितवर्गाचे जोखड झुगारून दुसऱ्याचे मानेवर घ्यायला ती तयार नव्हती. हे बळ तिला श्रद्धेला मुरड घालून मिळाले नाही. देवाची म्हणवत होती म्हणूनच ती बिशपांची झाली नाही. रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली मिशनचे वेतन सोडले आणि 'देवाचा दरबार' उभारला, तेही याच न्यायाने.

आता अवघड भाग. हाच न्याय रमाबाईंनाही लावला पाहिजे. जी स्वतःच देवाची, तिला पदरच्या मुलींवर मालकी सांगता येत नाही. तिने विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनातल्या मुली तिच्या प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ साली पुण्यात वादळ झाले. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी दार उघडे ठेवून प्रार्थना करते, येणाऱ्याला अडवणार नाही. उघडे दार हे उत्तर मला अपुरे वाटते. जिचे अन्न आणि छप्पर दुसऱ्याच्या हाती आहे, त्या बालविधवेला दार कितीही उघडे असले तरी ओढ असणारच. पण टीकाकार म्हणतात तसा तो निव्वळ सापळाही नव्हता. सदनाच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाईंनी त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, आणि त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. एका गोदूबाईंवरून सगळ्याजणींचा निकाल लावता येणार नाही, हे खरे. तरी आक्षेपकांनी त्यांची गाठ घेतल्याखेरीज पुढे जाऊ नये.