मारिओचा बीड जिल्ह्यातील मुक्काम

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. बीड जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर धारूरचा किल्ला, बीडची खजाना विहीर, अंबाजोगाईची मुकुंदराजांची समाधी यांचीच आठवण प्रथम व्हावी, हे योग्यच आहे. परंतु एका पिढीचे बालपण कसे गेले, हाही इतिहासच होय. आणि तो लिहून ठेवणारे मात्र विरळा. म्हणून आज एका पोरखेळाची हकीकत सांगण्याचे योजिले आहे. तो खेळ म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर उड्या मारणारा मारिओ.

प्रथम त्याचे मूळ पाहू. जपानातील क्योटो शहरी १८८९ साली पत्ते तयार करण्यासाठी निघालेली निन्टेन्डो नावाची कंपनी आहे. तिने १९८३ च्या जुलै महिन्यात घरच्या टीव्हीला जोडावयाचे खेळाचे यंत्र विक्रीस काढले आणि १३ सप्टेंबर १९८५ रोजी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ बाहेर आणला. शिगेरू मियामोतो व ताकाशी तेझुका यांनी त्याची रचना केली. कोजी कोंडो यांनी त्यास संगीत दिले. मिशाळ, टोपीवाला प्लंबर राजकन्येच्या सुटकेसाठी निघतो, इतकेच कथानक. त्याच्या वाटेत ८ जगे आणि प्रत्येकात ४ टप्पे, म्हणजे एकंदर ३२ टप्पे पार करावयाचे. हा सारा पसारा अवघ्या ४० किलोबाइटांत बसविलेला होता. जागेची काटकसर एवढी, की आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांचे चित्र एकच. फक्त रंग निराळा. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या खेळात पडद्याबाहेर गेलेली वाट पुन्हा दिसत नाही. चालावयाचे ते पुढेच.

हा खेळ आपल्याकडे आला तो मात्र आडवाटेने. १९९० नंतरच्या दशकात आपल्या बाजारांत त्या जपानी यंत्राच्या स्वस्त नकला मिळू लागल्या. मूळ कर्त्यांची नावे त्यांवर नसत आणि मुलांना त्याची फिकीरही नसे. यंत्रास ‘टीव्ही गेम’, त्यात खोचावयाच्या पिवळ्या-काळ्या पेटीस ‘कॅसेट’ आणि हातातील कळींच्या पट्टीस ‘रिमोट’ अशी नावे मुलांनीच रूढ केली. कॅसेटीवर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले असे. उघडून पाहावे तो तेच पाचदहा खेळ पुनःपुन्हा येत. तथापि त्यांत मारिओ असला, की पैसे वसूल झाले असे मुले समजत. कॅसेट चालेनाशी झाली, तर तिच्या तोंडात फुंकर मारावी, हा सर्वमान्य उपचार होता.

आता या हकीकतीतील मुख्य मुद्द्याकडे वळतो. त्या यंत्रात खेळाची प्रगती जपून ठेवण्याची सोय नव्हती. त्याची कामापुरती स्मृती केवळ २ किलोबाइटांची आणि तीही वीज असेतोवरच. वीज गेली, की सातव्या जगात पोहोचलेला वीरही पहिल्या जगाच्या दाराशी येऊन उभा राही. आणि वीज तर जातच असे. ज्या जिल्ह्यात परळीचे औष्णिक वीजकेंद्र १९७१ पासून उभे होते, त्याच जिल्ह्यातील गावे २००५ च्या सुमारास भारनियमनाने तासन् तास अंधारात बसत. जपानच्या मुलाला खेळाचा शेवट शत्रूच्या हाती दिसे. आमच्या मुलाला तो बहुधा विद्युत मंडळाच्या हाती दिसे. राजकन्येपर्यंत पोहोचलेली मुले त्यामुळे थोडीच. पहिले जग मात्र सर्वांना तोंडपाठ.

या अपुरेपणातूनच एक मौखिक परंपरा जन्मास आली. दुसऱ्या टप्प्यात विटांच्या छतावरून धावत गेल्यास नळांची खोली लागते आणि तेथून थेट चौथ्या जगात उतरता येते. शंभर नाणी जमविली की एक जीव वाढतो. ही विद्या कोणत्याही पुस्तकातून आली नाही. ती शाळेच्या ओट्यावर, एस. टी.च्या थांब्यावर एकाने दुसऱ्यास सांगितली. एकाच्या हाती रिमोट आणि मागे सल्ला देणारी आठ तोंडे, असा तो खेळ होता.

परंतु स्मृती गोड आहे म्हणून ती सर्वांची होती असे मानणे बरोबर नव्हे. यंत्र असे एखाद्याच घरी आणि ज्याचे घर त्याची पाळी आधी. मुलींच्या वाट्यास रिमोट उशिरा येई. शिवाय दसरा-दिवाळी उलटली, की ऊसतोडणीस निघालेल्या आईबापांबरोबर किती तरी मुले पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर जात. त्यांच्या कोपीत टीव्ही कोठला? त्यांचा मारिओ म्हणजे गावी परतल्यावर सोबत्यांकडून ऐकलेली गोष्ट. तीही या इतिहासाचाच भाग होय, आणि कदाचित अधिक मोलाचा.

ती यंत्रे आता बहुतेक भंगारात गेली. कॅसेटी हरवल्या. जपानातील मूळ खेळ कोणी विसरणार नाही. त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत आणि त्याचा इतिहास लिहिणारेही पुष्कळ आहेत. पण बीड, गेवराई, केज, माजलगाव येथे तो कसा खेळला गेला, कोणी खेळला आणि कोण दाराशी उभा राहिला, हे सांगणारे आपणच. ज्यांनी तो काळ पाहिला, ती मुले आता आईबाप झाली आहेत. त्यांनी आपल्या मुलांस ही हकीकत सांगावी; आणि साधल्यास चार ओळींत लिहूनही ठेवावी, कारण माणसाच्या स्मृतीचीही वीज केव्हा तरी जातेच.