खोक्यातला फुकट खेळ

सणाची सवलत म्हटली की आपल्याला साडी नाहीतर कुकर आठवतो. व्हिडिओ गेमच्या इतिहासातही तिने एक लढाई फिरवली आहे. १९९१ च्या ऑगस्टात निन्टेंडोने अमेरिकेत आपले नवे 'सुपर' यंत्र १९९ डॉलरला आणले, सोबत मारिओचा खेळ. सेगाचे टॉम कालिन्स्के यांनी 'जेनेसिस'ची किंमत १४९ वर आणली आणि खोक्यातला जुना खेळ काढून नवाकोरा 'सॉनिक' घातला. जपानच्या मुख्य कचेरीला हे रुचले नव्हते. पण यंत्रावर सोडायचे ते पुढे खेळांवर कमवायचे, हा त्यांचा हिशोब. त्या नाताळात सेगा सरस ठरली. माझ्या मते पन्नास डॉलरपेक्षा सॉनिकनेच काम केले. पोरांना किंमत कुठे कळते?

आमच्या महाड-पोलादपुरात मात्र हा हिशोब चाललाच नसता. गणपतीला चाकरमानी मुंबईहून आणत ते १९८३ च्या जपानी 'फॅमिकॉम'ची नक्कल. दोन रिमोट, बंदूक आणि शेकडो खेळांची कॅसेट, सगळे एकाच खोक्यात. (शेकडो कसले, तेच पाच-दहा फिरून फिरून!) वर माझ्या वर्गातली पोरे दप्तरातून कॅसेटी आणून अदलाबदल करीत. दुसरा खेळ विकत घ्यायची वेळच येत नसे.