वेस्ट-पार्क मंडळी
१. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधले प्रेस्बिटेरियन चर्च. मिरजेचे मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या मिशनच्याच पंथातले. उघडपणे समलिंगी जीवन जगणाऱ्यांना पाळक, वडील वा डीकन म्हणून दीक्षा देऊ नये, असे पंथाच्या महासभेने १९७८ साली ठरवले. सभासदत्वाला आडकाठी नव्हती. म्हणजे अशा माणसाने उपासनेला यावे, दान द्यावे, पण मंडळीचा वडील होऊन प्रभुभोजनाची भाकर वाटायला उभे राहू नये. हा उघड अन्याय होता. आपण तो पाळणार नाही, असे या मंडळीने त्याच वर्षी जाहीर केले. पुढे अनेक मंडळ्या तिच्या वाटेने गेल्या. दीक्षेवरची बंदी उठायला २०११ साल उजाडले, विवाहाची व्याख्या २०१५मध्ये बदलली. समलिंगी विवाह लावण्याची सक्ती मात्र आजही कोणत्याच पाळकावर नाही.