कद्रच्या रात्रीचा तिथिनिर्णय आणि निजामशाहीतील जालना

जालना शहरातील काळी मशीद जमशेदखान याने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधविली. मशीद, प्रवाशांसाठी सराई, हमाम आणि गावास पाणी पुरविणारा मोती तलाव ही सर्व कामे त्याच्याच नावाशी निगडित आहेत. १९८१ साली औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांतील तालुके घेऊन जो जालना जिल्हा निर्माण झाला, त्याचा बहुतेक मुलूख त्या काळी अहमदनगरच्या निजामशाहीत मोडत होता. या राज्याचा राजमान्य पंथ १५३७ ते १५९१ या चौपन्न वर्षांत तीनदा बदलला. सुन्नीचा शिया झाला, शियाचा महदवी आणि महदवीचा पुन्हा शिया. या बदलांची मीमांसा बहुधा दख्खनी आणि आफाकी सरदारांच्या तटबाजीच्या अंगाने केली जाते. ती मीमांसा चुकीची नसली तरी अपुरी आहे. आणि तिचा अपुरेपणा ज्या ठिकाणी स्पष्ट होतो ते ठिकाण म्हणजे रमजान महिन्यातील एका रात्रीची तिथी.

ही रात्र लैलतुल्‌कद्र होय. आपल्याकडे ती शबे-कद्र या फारसी नावाने ओळखली जाते. कुराणाचे अवतरण या रात्री झाले आणि हिची योग्यता हजार महिन्यांहून अधिक आहे, असे कुराणाच्या सत्त्याण्णवाव्या सूरेत सांगितले आहे. पाच आयतींच्या या लहानशा सूरेत तिथीचा निर्देश मात्र नाही. दुसऱ्या सूरेत कुराण रमजानमध्ये अवतरल्याचा उल्लेख असल्यामुळे महिना तेवढा निश्चित होतो. पुढील सर्व भार हदीसवर पडतो, आणि तेथे एकवाक्यता नाही. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतील विषम रात्रींत ती शोधावी, ही आयेशेने सांगितलेली परंपरा सर्वांत व्यापक आहे. अबू सईद अल्‌खुद्री याच्या कथनावरून एकविसावी रात्र निघते: त्या रात्री पाऊस झाला, मशिदीचे छप्पर गळले आणि पहाटेच्या नमाजानंतर पैगंबरांच्या कपाळावर ओला चिखल दिसला. अब्दुल्ला बिन उनैस याच्या परंपरेत तेविसावी रात्र आहे, तर उबय्य बिन काब हा सत्ताविसावीविषयी शपथपूर्वक सांगत असे. इब्न मसूदचे मत सर्वांहून निराळे. वर्षभर रात्री जागणाऱ्यासच ती लाभेल असे तो म्हणे. पंधराव्या शतकातील इब्न हजर अल्‌अस्कलानी याने बुखारीवरील आपल्या भाष्यात या प्रश्नावरील चाळीसहून अधिक मते नोंदविली आहेत. एका तिथीसंबंधी इतकी मते निर्माण व्हावीत, यावरूनच तिच्या महत्त्वाची कल्पना यावी.

या मतभेदाचे मूळ सांगणारी परंपराही हदीसमध्येच आहे. पैगंबर ती तिथी सांगण्यासाठी बाहेर आले, तो दोन माणसे भांडत होती; तेवढ्यात ते ज्ञान उचलले गेले आणि कदाचित त्यातच हित असेल असे ते म्हणाले. सुन्नी पंडितांची भूमिका या कथेवर उभी आहे. तिथी गुप्त राहिल्यामुळे मनुष्य एका रात्रीवर न विसंबता अनेक रात्री जागतो, असे ते म्हणतात. लोकाचाराने मात्र सत्ताविसावी रात्र उचलून धरली. त्यासाठी आधारही शोधले गेले: ‘लैलतुल्‌कद्र’ या शब्दाच्या अरबी लेखनात नऊ अक्षरे असून सूरेत तो तीन वेळा येतो, म्हणून सत्तावीस. हे गणित विद्वानांना फारसे मान्य नाही. पण तुर्कस्थानापासून दख्खनपर्यंत मशिदी भरतात त्या याच रात्री.

शिया परंपरेत एकोणीस, एकवीस आणि तेवीस या तीन रात्री येतात. त्यांतही तेविसाव्या रात्रीस झुकते माप आहे. या तिथींवर इतिहासाची दाट छाया आहे. हिजरी ४० (इ. स. ६६१) मध्ये कूफा येथे हजरत अलींवर एकोणिसाव्या रमजानला वार झाला आणि एकविसाव्याला त्यांचा अंत झाला. त्यामुळे शियांच्या या रात्री प्रार्थनेच्या तशाच शोकाच्याही ठरल्या. मुस्तअली इस्माइली बोहरा समाज तेविसावी रात्र पाळतो; पण त्याचा महिना चंद्रदर्शनावर नव्हे, तर फातिमी गणिती पंचांगावर चालतो. परिणामी त्यांची तेविसावी आणि शेजाऱ्यांची तेविसावी यांत एक-दोन दिवसांचे अंतर पडू शकते. म्हणजे आकडा एक असूनही रात्र एक नव्हे.

या पार्श्वभूमीवर निजामशाहीकडे पाहिले पाहिजे. पहिला बुरहान निजामशाह याने इराणातून आलेल्या शाह ताहिर याच्या प्रभावाखाली १५३७ साली शिया पंथ स्वीकारला. राजपुत्र अब्दुल कादिर अत्यवस्थ असता शाह ताहिरने बादशहाकडून नवस करविला, त्या रात्री बादशहास स्वप्नात पैगंबरांचे दर्शन झाले आणि मुलगा वाचला, अशी कथा फिरिश्ता देतो. कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली तरी तिचा परिणाम निर्विवाद आहे: खुत्ब्यात बारा इमामांची नावे आली आणि त्याविरुद्ध राजधानीत दंगा उसळला. जालन्याची मशीद बांधली गेली ती या शिया राजवटीच्या काळात.

१५८९ च्या वसंतात, हिजरी ९९७ मध्ये, मीरान हुसेन निजामशाहाचा खून झाला. दख्खनी व हबशी सरदारांचा पुढारी जमालखान याने अल्पवयीन इस्माइल यास तख्तावर बसविले आणि अहमदनगरात परदेशी मुसलमानांची, म्हणजे आफाकींची, मोठी कत्तल झाली. जमालखान स्वतः महदवी होता. सय्यद मुहंमद जौनपुरी (१४४३–१५०५) हेच भाकीत केलेले महदी होत, ही या पंथाची श्रद्धा. त्याने बारा इमामांची नावे खुत्ब्यातून काढली व महदवी पंथास राजमान्यता दिली. हिंदुस्थानच्या निरनिराळ्या भागांतून महदवी लोक अहमदनगरास जमू लागले.

महदवींनी तिथीच्या प्रश्नाला जे उत्तर दिले ते सर्वस्वी नवे होते. आकडा सत्तावीस हाच, परंतु तो अनुमानाने आलेला नव्हता. त्यांच्या परंपरेप्रमाणे ती रात्र सय्यद मुहंमदांना ईश्वराने प्रकट केली. म्हणून सत्ताविसाव्या रात्री मध्यरात्रीनंतर दोन रकातींची जी नमाज ते पढतात ती ‘दुगाना’ त्यांच्या मते फर्ज, म्हणजे अनिवार्य, ठरते. सुन्नी मनुष्य त्याच रात्री जागतो तो नफ्ल म्हणून, ऐच्छिक पुण्यकर्म म्हणून. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही समाज एकाच रात्री मशिदीत दिसतील. परंतु पैगंबरांनंतर नवे फर्ज सांगण्याचा अधिकार कोणास आहे, हा प्रश्न त्या दोन रकातींमध्ये सामावलेला आहे. सुन्नींना महदवी दुगाना अमान्य होता तो तिथीमुळे नव्हे, या अधिकारामुळे. शियांच्या दृष्टीने तर महदी हा बारावा इमाम. जौनपूरच्या सय्यदाने ते पद घेणे हा त्यांच्या श्रद्धेच्या मुळावरच घाव होता. दख्खनी पक्षात सुन्नीही होते आणि महदवीही होते. तेव्हा ‘दख्खनी विरुद्ध आफाकी’ या एकाच सूत्रात १५८९ चा उत्पात बसविणारा अभ्यासक, दख्खनी पक्षाच्या पोटातील ही भेग नजरेआड करतो.

महदवी राजवटीच्या वाट्याला रमजान आले ते दोनच, हिजरी ९९७ आणि ९९८ चे. दोन्ही महिने १५८९ व १५९० च्या ऐन पावसाळ्यात पडले. शाबानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी आभाळामुळे चंद्रकोर दिसली नाही, तर तीस दिवस पुरे करून रमजान धरावा असा नियम आहे. एक दिवस मागेपुढे झाला की विषम रात्र सम होते. ऐच्छिक जागरण करणाऱ्यास यात फारशी अडचण नाही, तो सर्वच रात्री जागेल. ज्याचे फर्ज एकाच रात्रीस बांधलेले आहे त्याच्यासाठी मात्र आषाढ-श्रावणातील मराठवाड्याचे आभाळ हा धर्मशास्त्राचाच विषय होतो.

तिसरा रमजान येण्यापूर्वीच हा प्रयोग संपला. इस्माइलचा पिता बुरहान हा अकबराच्या आश्रयास होता. खानदेशच्या राजा अलीखानाच्या मदतीने त्याने हिजरी ९९९ च्या रजब महिन्यात, १५९१ साली, रोहणखेड येथे जमालखानाचा पराभव केला व जमालखान रणात पडला. रोहणखेड हे जालन्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. दुसऱ्या बुरहानने शिया पंथ पुन्हा राजमान्य केला आणि महदवींचा छळ सुरू झाला. या सर्व प्रकरणाचा मुख्य साक्षीदार फिरिश्ता हा स्वतः शिया असून १५८९ मध्येच अहमदनगर सोडून विजापुरास गेला होता, हे वाचताना विसरून चालत नाही. याउलट बदायुनीसारखा कडवा सुन्नी लेखक उत्तरेतील महदवी साधूंविषयी आदराने लिहितो.

मराठी दप्तरे अभ्यासणाऱ्यांसाठी येथे एक व्यावहारिक सूचना आवश्यक आहे. मोडी कागदांत मुसलमानी महिन्याची तारीख ‘छ’ या खुणेने देतात. इस्लामी दिवस सूर्यास्तापासून सुरू होत असल्याने सत्ताविसावी रात्र म्हणजे सव्विसाव्या दिवसानंतर येणारी रात्र. सूर्योदयापासून दिवस मोजणाऱ्याच्या हिशेबी ती सव्विसाव्यातच राहते. मोडक व खरे यांच्या जंत्र्यांवरून इंग्रजी तारीख काढताना हा फरक आणि चंद्रदर्शनाचा संभाव्य एक दिवस, असे दोन्ही ध्यानात घ्यावे लागतात. रात्रीच्या प्रसंगांच्या तारखांत आढळणारा एका दिवसाचा घोळ पुष्कळदा लेखकाच्या अज्ञानाचा नसतो.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. त्या सुमारास दख्खनच्या मोहिमेवर असलेला अबुल फज्ल काही काळ जालन्यास राहिल्याचे गॅझेटियरमध्ये नमूद आहे. त्याचा पिता शेख मुबारक याने महदवी नेता शेख अलाई याची बाजू घेतल्यावरून उलेमांनी त्याला महदवी ठरविले होते व त्या आरोपापायी या कुटुंबाने पुष्कळ हालअपेष्टा सोसल्या. मोगलांबरोबर आणि पुढे आसफजाही अमलात जालन्याच्या मुलखावर सुन्नी सत्ता स्थिर झाली व ती १९४८ पर्यंत टिकली. महदवींचे दायरे हैदराबादेत व गुजरातेतील पालनपुरात टिकून राहिले. तेथे सत्ताविसाव्या रात्री मध्यरात्र उलटल्यावर दुगाना आजही फर्ज म्हणूनच पढला जातो.