बालवर्गाचे वर्ष : बल्लारीपासून कोसबाडपर्यंत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंडळाच्या गणेशोत्सवांचा, नाट्यप्रयोगांचा आणि कार्यकर्त्यांचा इतिहास यावयाचाच, आणि तो येणे उचितच आहे. आम्ही मात्र या शुभप्रसंगी वाचकांचे लक्ष एका लहानशा विषयाकडे वेधू इच्छितो. प्राथमिक शाळेतील मुलाचे वर्ष वर्गात कशाकशाने भरलेले असे, आणि त्यातून मराठी त्याच्या अंगवळणी कशी पडे, याचा हा धावता आढावा होय. केंद्र सरकारच्या बदलीच्या नोकरीत मुलांच्या शाळा पालटताना हा प्रश्न आमच्यापुढे वारंवार उभा राहिला. बेंगळुरूत स्थायिक झालेल्या मराठी घरांना तो अपरिचित नसावा.

कर्नाटकाच्या भूमीत मराठी शाळा ही नवलाची गोष्ट नव्हे. १८२२ साली मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांनी इलाख्यातील देशी शाळांची माहिती कलेक्टरांकडून मागविली. बल्लारी जिल्हा त्या काळी मद्रास इलाख्यात होता. तेथील कलेक्टर ए. डी. कॅम्बेल यांनी ऑगस्ट १८२३ मध्ये पाठविलेल्या अहवालात जिल्ह्यातील ५३३ शाळांची नोंद आहे. त्यांपैकी २३५ कानडी, २२६ तेलुगू, २३ संस्कृत, २१ फारसी, ४ तमिळ, १ इंग्रजी आणि २३ शाळा मराठी होत्या. संडूरच्या घोरपड्यांची मराठी सत्ता याच मुलखातली, आणि दक्षिणेतील अनेक कचेऱ्यांत मराठी कारकुनांचा वावर होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या तेवीस शाळांचे आश्चर्य वाटत नाही.

त्या अहवालातील आकड्यांपेक्षा वर्गाचे वर्णन मनात अधिक काळ राहते. मूल पाच वर्षांचे झाले म्हणजे त्याचा विद्यारंभ करीत. त्या दिवशी मुलाचे आईबाप पंतोजींना आणि शाळेतील सर्व मुलांना घरी बोलावीत. गणपतीच्या मूर्तीभोवती सारे मंडलाकार बसत, नवा विद्यार्थी मूर्तीच्या समोर बसे, आणि पंतोजी त्याचे बोट धरून पसरलेल्या तांदळांत देवाचे नाव गिरवून घेत. म्हणजे शाळेतील पहिला दिवस हा शाळेत नव्हे, तर घरी, आप्तस्वकीयांच्या देखत साजरा होई.

पुढे रोज सकाळी सहाला शाळा भरे. जो मुलगा सर्वांआधी येई, त्याच्या तळहातावर मानाची खूण म्हणून सरस्वतीचे नाव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य काढीत; त्याची स्तुती नाही आणि निंदाही नाही. तिसऱ्याला एक हलकी छडी, चौथ्याला दोन, आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला एकेक वाढती! अक्षरे वाळूत बोटाने गिरवावयाची, वाचन आणि लेखन एकदमच शिकावयाचे, आणि पुढच्या मुलांनी मागच्यांना शिकवावयाचे, अशी पद्धत होती. या काटकसरीची आणि परस्परशिक्षणाची कॅम्बेलसाहेबांनी मनापासून प्रशंसा केली असून, इंग्लंडने तिचे अनुकरण केले ते योग्यच झाले, असा अभिप्राय दिला आहे. आपल्याकडील धुळपाटी आणि तिन्हीसांजेला चालणारा पावकी-निमकीचा परवचा ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकला आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

तथापि गतकाळाचे गोडवे गाताना त्याच अहवालातील दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. आळशी मुलाला दोन्ही हात बांधून आढ्याला टांगण्याची शिक्षाही त्यात नमूद आहे. सव्वानऊ लाखांहून अधिक वस्तीच्या त्या जिल्ह्यात शिकणारी मुले अवघी ६,६४१. हजारी सातदेखील नाहीत. त्यांत मुली किती? फक्त ६०. शिवाय पूर्वी जेथे शाळा होत्या अशा कित्येक गावांत आता एकही उरली नाही, कारण देशाचे दारिद्र्य वाढत असून पालकांना शिक्षणाचा खर्च झेपत नाही, असे खुद्द कलेक्टरांनीच सरकारला बजावले होते. शाळा बंद करण्याचा हुकूम कोणी काढला नव्हता. पंतोजींना पोसणारी घरे थकली, एवढ्यानेच त्या बंद पडल्या.

यानंतरच्या शतकात वर्गाची दारे हळूहळू उघडली. १८४८ मध्ये पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात, आणि कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ मध्ये, सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा पाया घातला. या सरकारी मराठी शाळांतही वर्ष केवळ पुस्तकाचे नसे. जूनमध्ये नव्या पुस्तकाला कागदाचे वेष्टन चढे, नागपंचमीला पाटीवर नाग उमटे, आणि दसऱ्याला एकाच्या आकड्यांनी रेखलेली सरस्वती झेंडूच्या फुलांनी पुजली जाई. ‘दिपोटी’ तपासणीस येणार म्हटले की भिंती सारवल्या जात आणि कविता नव्याने घोकल्या जात. हस्तलिखितात आपले अक्षर यावे म्हणून मुले महिनाभर बोरू घोटीत. प्रत्येक महिन्यास काही करावयाचे असे आणि ते मराठीतून करावयाचे असे. आमच्या मते भाषा रुजली ती या करण्यातून.

परंतु मूल शाळेपर्यंत पोहोचतच नसेल तर काय करावे? या प्रश्नाचे उत्तर ताराबाई मोडक यांनी दिले. गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन करणाऱ्या ताराबाईंनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे कार्य आरंभिले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. बालवाडीत मुले येईनात, तेव्हा या दोघींनी वस्तीतील अंगणातच वर्ग भरविला. आदिवासी मुले गुरे राखावयास जात, म्हणून त्यांच्यामागोमाग कुरणात जाणारी ‘कुरणशाळा’ काढली. दगड, पाने, बिया, शिंपले हेच तेथील शिक्षणसाहित्य. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अंगणातला. १९७५ मध्ये केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर नेला, आणि आज बेंगळुरूच्या गल्लीतही कन्नड लिपीतल्या पाटीवर तो वाचावयास मिळतो. मराठी बालशिक्षणाची खूण आपल्या दाराशी लागलेली असून आपण रोज तिच्यावरून जातो!

आता आपल्या मुलांकडे वळू. येथील शाळेत ती इंग्रजी शिकतात, आणि कन्नड शिकतात हेही योग्यच. ज्या भूमीचे अन्न खावयाचे तिची भाषा आलीच पाहिजे. पुष्कळांना हिंदीमुळे बाळबोध लिपी येते, आणि हिंदीत न भेटणारा ‘ळ’ कन्नडमुळे त्यांच्या जिभेवर बसलेला असतो. तेव्हा अडचण अक्षरांची नाही. त्या अक्षरांनी मराठीत करावयाचे असे त्यांच्या वर्षात काही उरलेले नाही, ही खरी अडचण आहे. आजी फोनवर बोलते ते नातवाला कळते, पण तिने लिहिलेले चार ओळींचे पत्र त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते. एका पिढीनंतर ते वाचून दाखविणाराही घरात असणार नाही.

म्हणून मंडळाने रविवारचा तास भरवावा आणि तो वर्षाच्या क्रमाने बांधावा, अशी आमची विनंती आहे. कर्नाटकात दसऱ्याची सुटी मोठी असते; तेव्हा पाटीपूजन व्हावे आणि नव्या मुलाचा विद्यारंभ बल्लारीच्या रीतीने सर्व घरांच्या साक्षीने व्हावा. नागपंचमीस चित्र, दिवाळीस हस्तलिखित, जानेवारीत स्नेहसंमेलन आणि रोज घरी पाच मिनिटे परवचा, एवढे पुरे. महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी लहानग्यांना शिकवावे. ही रीत दोनशे वर्षांपूर्वी येथे चालतच होती. जागा नसेल तर कोणाचे अंगण, तेही नसेल तर इमारतीची गच्ची चालेल. आरंभी चार मुले आली तरी निराश होऊ नये. बल्लारीच्या शाळांतही सरासरीने बाराच मुले असत.

सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या पिढीने आपले काम चोख केले आहे. शताब्दीची स्मरणिका कोणत्या भाषेत निघेल, हे मात्र येत्या जूनमध्ये कोण कोण पाटी घेऊन बसतो यावर ठरावयाचे आहे.