दुष्काळ, देशत्याग आणि आयरिश भाषा

१८४५ च्या शरदऋतूत आयर्लंडमधील बटाट्यावर करपा पडला आणि १८४६ मध्ये जवळजवळ सर्व पीक नष्ट झाले. १८४१ साली ८१ लाख ७५ हजार असलेली लोकसंख्या १८५१ च्या जनगणनेत ६५ लाख ५२ हजारांवर आली. सुमारे १० लाख लोक उपासमारीने व साथींनी मृत्यू पावले आणि निदान तितकेच देश सोडून गेले. १८४७ साली क्वेबेकजवळील ग्रोस ईल या विलगीकरण बेटावरच पाच हजारांहून अधिक प्रवाशांना पुरावे लागले.

या देशत्यागाचा भाषेवर झालेला परिणाम तितकाच दूरगामी होता. दुष्काळाचा सर्वांत तीव्र आघात पश्चिम व दक्षिण भागांवर झाला. आयरिश बोलणारा गरीब वर्गही मुख्यतः तेथेच होता. भाषेविषयीचा प्रश्न प्रथमच विचारणाऱ्या १८५१ च्या जनगणनेत आयरिश जाणणारे १५ लाख २४ हजार, म्हणजे सुमारे २३ टक्के आढळले. १८९१ साली ते ६ लाख ८० हजार उरले. या चाळीस वर्षांत लोकसंख्या सुमारे २८ टक्क्यांनी घटली, तर आयरिश जाणणारे ५५ टक्क्यांनी. तेव्हा भाषिक गेले म्हणून भाषा गेली, एवढ्याने या ऱ्हासाचा उलगडा होत नाही.

वस्तुतः ऱ्हासाचा आरंभ दुष्काळापूर्वीचा होय. न्यायालय, बाजार आणि १८३१ पासूनच्या राष्ट्रीय शाळा यांची भाषा इंग्रजी होती. १८५१ च्या गणनेतही आयरिशचे प्रमाण वृद्धांत अधिक व मुलांत कमी दिसते. दुष्काळाने या प्रवृत्तीला निकड दिली. अमेरिकेस गेलेला भाऊ वा बहीण पैसे धाडी, त्यातून मागच्या भावंडाचे तिकीट निघे. सोबतचे पत्रही बहुधा इंग्रजीत असे, कारण आयरिश बोलणाऱ्या बहुसंख्यांस ती लिहिता येत नव्हती. आपले मूल उद्या न्यूयॉर्क किंवा लिव्हरपूल येथे मजुरी करील, हे गृहीत धरून पालक त्याच्याशी इंग्रजी बोलू लागले. मूल घरी असतानाच त्याचा भाषिक देशत्याग घडून येई.

१८९३ साली गेलिक लीगची स्थापना झाली, तेव्हा तिच्यापुढील कार्य केवळ व्याकरण व ग्रंथ यांपुरते नव्हते. आयरिश शिकणे म्हणजे मुलाची वाट अडविणे नव्हे, हे आईबापांना पटवून देणे त्याहून कठीण होते.